केलेपीने कावा सोडला

सोमवार, २ सप्टेंबर

गेल्या दीड महिन्यात केलेपीने कावाघराची पायरी चढलेली नाही. हे जरा नीट अक्षरात लिहिते, कारण आजवरच्या माझ्या सगळ्या दैनंदिन्या भावाच्या कावाच्या रडगाण्याने भरलेल्या आहेत. रोज संध्याकाळी सिआओसीकाकांच्या पडवीत लाकडी परातीभोवती मांडी घालून बसायचं, मुळ्या कुटून कालवलेलं ते गढूळ पाणी करवंटीने प्यायचं, जीभ बधिर होईपर्यंत गाणी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घोरायचं. शेतात तण माजलं. गावात लोक मला विचारायचे, "काय एलेनोआ, भाऊ उठला का?" माझी मान खाली जायची.

जुलैत मी शेवटी शब्द टाकला. आमच्यात बहिणीने शब्द टाकला की भावाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तो उठसूट टाकायचा नसतो. मी ओसरीवर होते. तो खाली अंगणात, मोठ्या बहिणीसमोर बसावं तसा, अर्धी पाठ करून. मी म्हटलं, "केलेपी, ती परात आता पुरे." मग म्हणाला, "ताई म्हणतात तसं." तेव्हापासून नाही म्हणजे नाही.

आता तर माणूसच बदलला. बंदरावर रात्रपाळीला ट्रक चालवतो आणि सकाळी येतो तो झोपायला नाही, कुदळ घेऊन थेट शेतात. माझ्या छपराची पन्हळ नीट केली. आमच्या दोन घरांच्या मधल्या कुंपणाला अर्ध्यापर्यंत रंग दिला. डुकरांचं खुराडं मोडून नव्याने बांधायला घेतलं. पन्नाशीच्या माणसाला एवढा उत्साह! पोटसुद्धा गेलं. आमचे वडील तरुणपणी दिसायचे तसा दिसायला लागलाय. देवाचे उपकार मानावे तेवढे थोडे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

ओसरीचा बल्ब पुन्हा चोरीला. पोरं काय नेतील याचा नेम नाही. फाताईला विचारलं, तर म्हणाली, "आमच्याकडचेही गेले, वन्सं," आणि खाली बघितलं. केलेपीची ही बायको वाईट नाही, पण तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून हंडा काढण्यासारखं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझं उभं आयुष्य गेलं. कोण काय लपवतंय ते मला नुसत्या आवाजावरून कळायचं. फाताईच्या आवाजात काहीच नसतं.

रविवार, ८ सप्टेंबर

आज चर्चमध्ये उपासनेत उभी राहून साक्ष दिली. माझा भाऊ वीस वर्षांच्या कावातून कसा सुटला ते सगळ्यांसमोर सांगितलं. बायका रडल्या. नंतर दोघी-तिघी म्हणाल्या, आम्हीही आमच्या भावांवर शब्द टाकतो. केलेपी गायकांच्या रांगेत उभा होता. आवाज एवढा, की बाकीच्यांचं काही ऐकूच आलं नाही. पाळकांच्या प्रवचनातही त्याचा जबडा हलत होता. मनातल्या मनात गाणं चालू असणार.

चर्चच्या फाटकापाशी सिआओसीकाकांनी गाठलं. सत्तरीचा माणूस. कावाघर त्यांचं, म्हणजे माझे जन्माचे वैरी, पण हसल्याशिवाय बोलत नाहीत.

"काय बाई, माझं दुकान बंद पाडलंस आज."

"दुकान? विकता काय तुम्ही?"

"गप्पा. त्याही फुकट." मग हसू थांबवून म्हणाले, "केलेपी बरा आहे ना?"

"बघितलंत की. गात होता."

"तेच बघितलं. एक सांगू? कावा पिणारा माणूस झोपतो. तुझा आमच्यावर तोच तर राग. तुझा भाऊ केव्हा झोपतो गं?"

"कामाचा माणूस आहे तो. तुम्हाला कामाचा माणूस बघायची सवय नाही."

गप्प केलं मी त्यांना. घरी येऊन अळूच्या पानांतलं मांस चवीने खाल्लं.

बुधवार, १८ सप्टेंबर

केलेपीकडे हल्ली काळ्या काचांची गाडी येते. एक पोरगा उतरतो, दारात काहीतरी बोलतो आणि लगेच जातो. कोण म्हणून विचारलं, तर केलेपी म्हणाला, "कोनफळांचं बोलायला येतात, ताई." कोनफळं तर आत्ता लावतोय, निघायची पुढच्या वर्षी. पण शहरात आता सगळं आगाऊ ठरवून ठेवतात म्हणे. धंद्यातही डोकं चालायला लागलं म्हणायचं.

फाताईला बोलावून चार शब्द सुनावले. नवरा एवढा राबतो, तर त्याच्या ताटाकडे लक्ष नको? हाडं दिसायला लागली त्याची. ती म्हणाली, "जेवतच नाहीत, वन्सं. समोर ठेवलं तरी जेवत नाहीत." मी म्हटलं, चवीचं करत जा म्हणजे जेवेल. ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "बरं." आणि गेली.

सोमवार, ३० सप्टेंबर

केलेपीच्या होडीचं इंजिन दिसत नाही. केलेपी म्हणतो, दुरुस्तीला टाकलंय.

आणखी एक. त्याने आंब्याचं झाड तोडलं. वडिलांनी लावलेलं, आणि या बेटावर तर आता मोहोराचे दिवस. मला वाईट वाटलं. विचारलं, तर म्हणाला, "त्यात बसून बघतात, ताई." कोण, म्हटलं. तो फांद्या ओढायला लागला. पोरं आंबे चोरायला बसत असतील. पण अजून आंबे कुठे आहेत? असो. अंगणात उजेड आला हे खरं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

फाताईच्या गालावर वळ. म्हणाली, दार लागलं. तिचं लक्ष नसतं.

आज झाडाच्या सालीचं कापड कुटायला आम्ही सगळ्या सभागृहात बसलो होतो. नेहमी ती माझ्या शेजारी बसते. आज पार पलीकडे जाऊन बसली आणि मोगरी एवढ्या जोराने मारत होती की कापडाला भोक पडलं. बायका हसल्या. ती नाही हसली. मी म्हटलं, "फाताई, कुणाचा राग काढतेस?" तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कुटायला लागली.

रविवार, १३ ऑक्टोबर

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं. पण खोटी दैनंदिनी लिहून काय करू?

रविवारी या बेटावर कामाला कायद्यानेच बंदी, विमानसुद्धा उतरत नाही. दुकान उघडत नाही, कोयता कुणी हातात धरत नाही. उपासनेची घंटा वाजत होती तेव्हा माझा भाऊ शेतात खणत होता. उघड्या अंगाने, एका जागी, कमरेएवढा खड्डा. कोनफळांना तेवढा खड्डा लागत नाही. गावातला पोलीस आला. तो आमच्या नात्यातलाच, म्हणून मला आधी विचारायला आला. मी सांगितलं, घरातलं घड्याळ बिघडलंय, रात्रपाळीच्या माणसाला वार कुठला कळतोय. तो म्हणाला, "आत्या, घंटा तर ऐकू येते ना?" मी म्हटलं, तू तुझं काम कर. तो मुकाट्याने गेला.

मी पोलिसाशी खोटं बोलले, तेही रविवारी. भावासाठी बोलले, पण खोटं ते खोटं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

फाताई आज दुपारी माझ्याकडे आली आणि ओसरीवर न बसता सरळ आत आली. तिच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. असं ती कधी आत आली नव्हती.

"वन्सं, मला एकदा बोलू द्या. मग मारा हवं तर."

"बोल की. तुला कोणी अडवलंय?"

"ते आइस ओढतात."

मला आधी कळलंच नाही. बर्फ? कोण बर्फ ओढतं? मग कळलं. शहरातल्या पोरांचं ते विष. खड्यांसारखं असतं, काचेत घालून धूर ओढतात. पेपरात येतं, पाळक सांगतात. पण ते पोरांचं, परदेशातून हाकलून दिलेल्यांचं. माझ्या भावाचं नव्हे.

"ऑगस्टपासून," ती म्हणाली. "बंदरावर कोणी दिलं. झोप येणार नाही म्हणून. आता झोपतच नाहीत. चार-चार दिवस. मग भिंतीशी बोलतात. इंजिन दुरुस्तीला नाही टाकलं, विकलं. बल्बसुद्धा तेच काढून नेतात, त्यातूनच ओढतात. मी तुम्हाला कितीदा सांगायला आले."

"कधी आलीस? एकदा तरी बोललीस?"

"तुम्ही चर्चमध्ये साक्ष देऊन बसलात, वन्सं. मी काय बोलू?"

नंतर मी जे जे बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. बायकोने नवऱ्याच्या बहिणीला असलं सांगावं, तेही तिच्या घरात घुसून. मी म्हटलं, त्याने मेहनत करायला घेतली तेच तुझ्या डोळ्यांत खुपतंय. तो कावा पीत होता तेव्हा बरं होतं ना तुला, झोपलेला नवरा? ती म्हणाली, "हो वन्सं. बरं होतं. झोपलेला नवरा बरा होता." आणि निघून गेली.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

फाताई माहेरी गेली. शेजाऱ्यांच्या गाडीतून, दोन पिशव्या घेऊन, मला न सांगता. अशी बायको!

पण "झोपलेला नवरा बरा होता" हे काही डोक्यातून जात नाही. ते बोलताना तिच्या आवाजात सगळं होतं.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

रोज त्याच्या पायरीवर ताट ठेवते, झाकून. संध्याकाळी तसंच आणते. आज कोंबड्यांनी खाल्लं. तो घरात आहे, आवाज येतो. काहीतरी ठोकतो, सरकवतो, मध्येच गाणं, मध्येच कुणाला तरी शिव्या. मी कुंपणाशी उभी राहून हाक मारली. "आलो ताई," म्हणाला. आला नाही. आत जाणं शक्य नाही. आम्ही दोघं मोठी झाल्यापासून एका छपराखाली झोपलो नाही, मी त्याच्या अंथरुणाला हात लावला नाही, त्याच्यासमोर कधी अंगचं दुखणंसुद्धा बोलले नाही. बहीण-भावातलं अंतर म्हणजेच मान. तो मान आम्ही दोघांनी मोडला नाही, याचा मला अभिमान होता.

शेवटी कावाघरात गेले. म्हणजे पडवीच्या पायरीशी. परातीभोवती चार म्हातारे होते. माझ्या साक्षीने बाकीचे पांगलेले. सिआओसीकाका उठून बाहेर आले.

"खरं आहे का?" मी विचारलं.

"खरं आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता. बंदरावरची पोरं ट्रकवाल्यांना पहिल्यांदा फुकट देतात. केलेपीला रात्र काढायची होती. इथे बसायचा तेव्हा रात्र आपोआप निघायची."

"म्हणजे मी केलं, असं म्हणता?"

"मी असं कुठे म्हटलं? तूच म्हणतेस."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. चर्चच्या फाटकात." ते पायरीवर बसले. "एलेनोआ, आम्ही काही फार चांगले लोक नाही. पण त्या परातीपाशी कुणी भिंतीशी बोलायला लागला, तर बाकीच्यांना दिसतं तरी."

कावा मला आजही आवडत नाही. त्या पायरीवर उभी असतानाही त्याच्या वासाला नाक मुरडलं. पण मी परत आले ती रडत आले. भर रस्त्यावर, दिवसाउजेडी. लोकांनी बघितलं.

सोमवार, २८ ऑक्टोबर

केलेपीचं काम सुटलं. ट्रक कुंपणावर घातला म्हणे. कुणाला लागलं नाही. नशीब, दुसरं काय. ट्रकसमोर कोण आलं असतं, कुणाचं पोर आलं असतं, याचा विचार करते आणि अंगावर काटा येतो.

मी काय करू? पोलिसाला सांगितलं तर तुरुंग. पाळकांना सांगितलं तर ते प्रार्थना करतील, ती मीही करतेय. रुग्णालयात फोन केला. तिथल्या बाईंना मी नाव नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, बंद केलं की पहिले काही दिवस नुसते झोपतील, झोपू द्या, पाणी पाजा, खाऊ घाला. मग उठतील तेव्हा जीव जात असल्यासारखे तेच मागतील. तेव्हा एकटं सोडू नका. मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "बाई, ते मी नाही सांगू शकत." आणि मग, "घरात कोण आहे त्यांच्या?"

कोणी नाही, मी म्हटलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

आज केलं. तो बाहेर गेलेला बघून त्याच्या घरात गेले.

दारात चपला काढताना पाय उचलेनात. आत सगळं उचकटलेलं. रेडिओ, पंखा, शिलाई मशीन, सगळं सुटं करून ओळीने मांडलेलं, एकही परत जोडलेलं नाही. खिडक्यांवर चटया ठोकलेल्या. लग्नातली भारी चटईही त्यात होती, आरपार खिळे मारून. कोपऱ्यात माझे बल्ब, काळे झालेले. अंथरूण घडी केलेलंच. किती दिवसांचं, देव जाणे.

मी ते अंथरूण पसरलं आणि त्यावर बसले. लिहितानाही लाज वाटतेय. त्या घरात दुसरी कुठलीही जागा अशी नव्हती की जिथे मला बघून तो थांबला असता.

तो आला, दारात आला, आणि मला बघून असा मागे सरला की पायरीवरून पडला.

"ताई! ताई, बाहेर या. हे काय करताय? बाहेर या!"

"तू आत ये."

"मला येता येत नाही. तुम्ही तिथे आहात!"

"माहीत आहे मला."

तो अंगणात गुडघ्यांवर बसला, डोकं जमिनीला लावून. हुंदके देत होता की हसत होता, कळेना. केवढा वाळलाय. पाठीवर मणके मोजता येतील. तीन महिने मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. बघायचं नसतं ना भावाकडे, नीट.

मी म्हटलं, "केलेपी, तुझ्या खिशात जे आहे ते मला दे. मी मागतेय."

मग तो रांगत पायरीपर्यंत आला, मान वर न करता, आणि एक छोटी पिशवी उंबऱ्यावर ठेवली. मिठाच्या खड्यांएवढं होतं ते आत. एवढंसं! यासाठी इंजिन गेलं, फाताई गेली, आंबा गेला. मी ते संडासात टाकलं आणि तीन वेळा पाणी ओतलं.

मला वाटलं, झालं. बहिणीने मागितलं, भावाने दिलं. घरी येऊन पोटभर जेवले.

बुधवार, ३० ऑक्टोबर

काळ्या काचांची गाडी सकाळीच आली. आणि माझ्या दोन डुकरिणी नाहीत.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

मी पुन्हा शब्द टाकला. या वेळी वस्तू नाही मागितली.

तो विहिरीपाशी सापडला. चार दिवस जागा, ओठ फाटलेले. आत कोणी लपलंय म्हणून दगड टाकत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, अगदी समोर, आणि म्हटलं, "केलेपी, मला तू हवास. माझ्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर. आजपासून."

"बहिणीच्या घरात? लोक काय म्हणतील, ताई?"

"लोक म्हणायचं ते म्हणतील. तू काय म्हणतोस?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. हात मात्र सारखे चालत होते, बोटांची टोकं भाजून काळी पडलेली. मी ती बोटं धरली. लहानपणी नदीवर नेताना धरायचे तशी. तो एवढा दचकला की मला वाटलं पळणार. पण पळाला नाही. त्याला पुरतं कळलं होतं की नाही कोण जाणे. म्हणाला, "ताई म्हणतात तसं."

शनिवार, २ नोव्हेंबर

झोपलाय. गुरुवारी संध्याकाळी माझ्या आतल्या खोलीत आडवा झाला, तो अजून उठलेला नाही. मध्ये मध्ये हलवून पाणी पाजते. पितो आणि पुन्हा पडतो.

पाळक येऊन गेले. ओसरीवरच उभे राहिले. म्हणाले, "एलेनोआबाई, गावात बोललं जातंय. मोठे झालेले बहीण-भाऊ एका छपराखाली... तुम्ही तर साक्ष दिलेल्या बाई. लोक तुमच्याकडे बघून शिकतात." मी म्हटलं, "पाळकसाहेब, ती साक्ष चुकीची होती. पुढच्या रविवारी उभी राहून तेही सांगेन. आज मला त्याला पाणी पाजायचंय." मग म्हणाले, प्रार्थना करतो. करा, म्हटलं.

दहा वर्षांची होते तेव्हापासून मी माझ्या भावाला झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्याच्या कुशीवर लहानपणीचा भाजल्याचा डाग आहे, तो अजून तसाच आहे हे मला माहीत नव्हतं. दोन दात गेलेत, तेही माहीत नव्हतं. तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो. एवढी वर्षं त्या घोरण्याचा राग केला मी. आता घोरणं जरा थांबलं की उठून त्याच्या नाकापाशी हात धरते.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी सिआओसीकाका दोन म्हाताऱ्यांना घेऊन आले. "आम्ही फाटकापाशी बसतो. गाडी आली तर बघतो. परात आणलेली नाही, घाबरू नकोस." मी घाबरले नव्हते. त्यांच्यावर केलेपीला सोडून फाताईच्या माहेरी गेले.

कमरेला सगळ्यांत फाटकी चटई गुंडाळली आणि तिच्या दारासमोर उन्हात जमिनीवर बसले, क्षमा मागायला बसतात तशी. तिची आई धावत आली, "अहो, उठा, तुम्ही असं बसू नये, नवऱ्याच्या बहिणीने असं कसं बसावं!" मी उठले नाही. घाम डोळ्यांत जात होता. फाताई बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"वन्सं, उठा."

"तू म्हणालीस ते खरं होतं. मी ऐकलं नाही."

"मी त्यांच्यासाठी परत येणार नाही," ती म्हणाली. "मला भीती वाटते त्यांची."

"त्याच्यासाठी नको येऊस."

"मग कशासाठी येऊ?"

मी म्हटलं, "मला एकटीला जमणार नाही, फाताई. मलाही भीती वाटते त्याची."

ती आत गेली. मला वाटलं संपलं. मग ती पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्याकडे झोपेन. त्यांच्या घरात नाही." बसमध्ये ती सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत होती. पण माझ्या शेजारी बसली.

बुधवार, ६ नोव्हेंबर

काल दुपारी उठला. सगळं जेवला. फाताईने वाढलं. तिच्याकडे बघून ताटावरच रडला. ती वाढत राहिली. मला वाटलं, किती सोपं होतं हे.

आज सकाळपासून दुसराच माणूस. बसवत नाही, उभं राहवत नाही. अंग ओरबाडतो. मला म्हणाला, "ताई, एकदाच. आज एकदाच, मग तुम्ही म्हणाल तसं." मग म्हणाला, "तुम्हीच मला परातीवरून उठवलंत." मग पाय धरले. मग फाताईला अशी शिवी दिली की मी कानांवर हात ठेवले. ती जागची हलली नाही. दोनदा फाटकापर्यंत गेला. दोनदा म्हाताऱ्यांनी खांद्याला धरून, हसतखेळत, "चल रे, कुठे निघालास उन्हाचा," म्हणत परत आणला. तिसऱ्यांदा सिआओसीकाकांना ढकललं. ते पडले. कोपर फुटलं. उठले आणि पुन्हा फाटकात बसले.

तेव्हा केलेपी आपण होऊन आतल्या खोलीत गेला. दाराआडून म्हणाला, "ताई."

"काय रे?"

"मी आत्ता जाईन. तुम्ही थांबवलंत तरी जाईन. तुमचा शब्दही मोडेन." दात वाजत होते त्याचे. "दाराला बाहेरून कडी लावा."

मी फाताईकडे बघितलं. तिने होय म्हणून मान डोलावली. मी कडी लावली. आम्ही दोघी दाराला पाठ टेकून जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने त्याने आतून दार ठोकायला सुरुवात केली, उघडा म्हणून. मग आईच्या नावाने हाका. मग नुसतं रडणं. बहिणीने ऐकू नये असं रडणं होतं ते. एरवी मी उठून लांब गेले असते, त्याचा मान राखायला.

मी उठले नाही. अजून इथेच बसले आहे, इथेच बसून हे लिहिते आहे. तो अजून आत आहे.